आत फूल आहे!

हायड्रेंजियाचं पुढच्या जुलैचं फूल आत्ता, या जानेवारीत, तयार आहे! होणार आहे असं नव्हे, झालेलं आहे! न्यू जर्सीतल्या आमच्या घरापुढे ज्या भुरकट, पानं झडलेल्या, कुणीही सरपणात टाकील अशा काड्या उभ्या आहेत ना, त्यांच्या टोकांना टपोरे डोळे आहेत. वाऱ्यानं मोडलेली एक काडी मी घरात आणली, टोकाचा डोळा ब्लेडनं उभा चिरला आणि लेकाच्या दप्तरातलं भिंग वर धरलं. बाहेर एकमेकींना घट्ट बिलगलेली इवली पानं, आणि मधोमध फिकट हिरव्या दाण्यांचा गोळा. फ्लॉवरचा गड्डा टाचणीच्या डोक्याएवढा झाला तर दिसेल, अगदी तस्सा! मी अख्ख्या घराला बोलावून तो दाखवला. घरानं तो पाहिला आणि पुन्हा टीव्ही लावला. असो.

नाशिकला मामांना फोन लावला. तिकडे पहाट होती, पण द्राक्षवाले पहाटे उठलेलेच असतात. माझं सगळं ऐकून मामा म्हणाले, "मग त्यात काय एवढं? घड आधी काडीत येतो, मग वेलीवर दिसतो." एप्रिलच्या खरड छाटणीनंतर जी नवी काडी फुटते, तिच्या डोळ्यांत सूक्ष्म घड धरतो. ऑक्टोबर छाटणीआधी अनेक बागाईतदार काड्या प्रयोगशाळेत पाठवतात, तिथे डोळे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं की त्या हिशेबानं कात्री लावतात. लहानपणी सुट्टीभर त्या बागेत हुंदडले, पण हे कधी कानावर आलं नव्हतं! मग मामांनी मातीचा सामू विचारला. ५.२, म्हणजे आम्ल. अशा मातीतलं ॲल्युमिनियम मुळांना मिळतं, ते फुलातल्या रंगद्रव्याला जाऊन भिडतं आणि फूल निळं होतं. सामू सातच्या जवळ गेला की तेच झाड गुलाबी फुलतं. हेही अद्भुतच आहे, पण सध्या मला डोळ्यांपुढे काही सुचत नाहीये.

कारण पुढची गंमत ऐका. मोठ्या पानांचा हा हायड्रेंजिया मूळचा जपानच्या किनाऱ्याकडचा. उन्हाळा सरताना रात्री गार होतात, दिवस आखडतात, आणि तेव्हा तो काडीच्या टोकाशी फूल घडवायला घेतो. पानगळीपर्यंत ते काम झालेलं असतं. त्यानंतर त्याला थंडी हवीच असते! चार ते सात अंशांत साधारण सहा-आठ आठवडे काढल्याशिवाय डोळा नीट फुटत नाही. म्हणजे ज्या गारठ्यापासून मी त्याला जपायला निघाले, तोच त्याला हवाही आहे. पण पारा उणे पंधराच्या खाली उतरला की आतलं फूल मरू लागतं. शिवाय जमीन गोठलेली असताना मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि कोरडा वारा काडीतला ओलावा शोषत राहतो. झाड मात्र मरत नाही. वसंतात बुडातून नवे फुटवे येतात, झुडूप हिरवंगार होतं, आणि लोक उन्हाळाभर विचारत राहतात की याला फुलं का नाहीत! नव्या फुटव्यावर फूल नसतं हो, ते जुन्या काडीवर असतं.

तेव्हा हिवाळ्यातली सगळी निगा म्हणजे काडी जपणं. आमच्या गल्लीतले एक इटालियन आजोबा दर थंडीत आपल्या अंजिराला गोणपाटात गुंडाळून डोक्यावर बादली पालथी घालतात. मी झुडपाभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी उभी करून आत ओकची वाळलेली पानं भरायला घेतली, तर ते कुंपणापाशी येऊन "दाबू नकोस, पोकळ राहू दे" म्हणाले. बरोबरच आहे, ऊब त्या अडकलेल्या हवेत असते. ओकचीच पानं का, तर ती कडक असतात आणि लगदा होत नाही. मेपलची पानं भिजून एकमेकांना चिकटतात आणि कुजतात. वाऱ्याच्या बाजूनं गोणपाट, बुडाशी लाकडाच्या सालींचा जाड थर. जमीन गोठण्याआधी एकदा भरपूर पाणी. नत्राचं खत मात्र उन्हाळ्याच्या अखेरीपासूनच बंद, नाहीतर कोवळी वाढ होते आणि पहिल्या गारठ्यात करपते. वाळलेले गुच्छ काढायचे नाहीत. त्यांच्या खालीच ते डोळे असतात, तेवढाच आडोसा. कुंडीतल्या झाडाची मुळं जास्त नाजूक, म्हणून पानं गळल्यावर कुंडी हीटर नसलेल्या गॅरेजमध्ये. अंधार चालतो, पाणी अगदी अधूनमधून.

हा सगळा खटाटोप सरसकट प्रत्येक हायड्रेंजियाला नको. इलिनॉयमध्ये सापडलेली पांढरी 'ॲनाबेल' नव्या फुटव्यावर फुलते, शंकूसारखे तुरे येणारा पॅनिक्युलाटाही तसाच. त्यांना हिवाळा सरताना खुशाल छाटा. २००४ साली बाजारात आलेली 'एंडलेस समर' जुन्या-नव्या दोन्ही काड्यांवर फुलते. सोयीची आहे खरी, पण मला आता सोय नकोच आहे!

खरी परीक्षा एप्रिलची. चार दिवस ऊन पडलं की डोळे फुगतात, हिरवी टोकं बाहेर येतात, आणि एका रात्रीच्या दहिवरात काळी पडतात. जानेवारीतला घट्ट मिटलेला डोळा बराच सोसतो, उमलू लागलेला शून्याच्या जरा खालीही टिकत नाही. म्हणून पानं एकदम उपसायची नाहीत, थोडी थोडी काढायची, आणि मेच्या मध्यापर्यंत हवामानाचा अंदाज बघत जुन्या चादरी दाराशी ठेवायच्या. संध्याकाळी झाकायचं, सकाळी उघडायचं. त्यानंतर नखानं काडीची साल जराशी खरवडायची. खाली हिरवं दिसलं तर काडी जिवंत. तपकिरी दिसलं तर वरून खाली येत पहिल्या धडधाकट डोळ्यांच्या जोडीशी थांबायचं आणि तिच्या जरा वर कात्री लावायची.