मणी कुठला, माळ कशासाठी

रुद्राक्ष घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘नेपाळी आहे ना?’ प्रश्न रास्त आहे, पण विचारणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘खरा आहे ना?’ असा असतो आणि गफलत तिथेच होते. पूर्व नेपाळातल्या भोजपूर, संखुवासभा भागातला मणी आणि जावा बेटावरचा मणी, दोन्ही एकाच जातीच्या झाडाचे. निळ्या फळाचा गर काढल्यावर उरणारी आठळी म्हणजेच रुद्राक्ष. वेगळी आहे ती अंगकाठी. नेपाळी मणी साधारण १५ ते २५ मिलिमीटरचा, रेघा खोल, काटे ठसठशीत. जावाचा बहुधा ५ ते १० मिलिमीटरचा, रेघा बारीक, अंग त्यामानाने गुळगुळीत. तेव्हा मणी कुठला हे कळले, तर तो कोणत्या कामाचा हे कळते. खरेखोटे त्यावरून ठरत नाही. १०८ मणी २० मिलिमीटरचे घेतले, तर माळ गाठी न धरताही दोन मीटरच्या पुढे जाते. जप करताना ती बोटांवर फिरवायची कशी? सात मिलिमीटरच्या मण्यांची माळ साधारण पाऊण मीटरची होते आणि जपाच्या गोमुखीत सहज मावते. गळ्यात एकच मणी घालायचा असेल, मुखे, म्हणजे उभ्या रेघा, मोजून घ्यायची असतील, तर मात्र नेपाळीच बघावा. त्याच्या रेघा नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि कोरून वाढवलेली रेघ भिंगाखाली लवकर उघडी पडते.

यावर आक्षेप म्हणून शिवपुराणाचा दाखला दिला जातो. त्यातल्या विद्येश्वरसंहितेत आवळ्याएवढा रुद्राक्ष श्रेष्ठ, बोराएवढा मध्यम आणि हरभऱ्याएवढा कनिष्ठ म्हटला आहे, हे खरेच. पण मणी जितका लहान तितके फळ अधिक, हेही तिथेच सांगितले आहे. रुद्राक्षाच्या स्थळांत काशी, मथुरा, लंका यांच्याबरोबर आपला सह्याद्रीही येतो. टाळायला सांगितला आहे तो किडका, फुटका, काटे नसलेला मणी. ही पारख मण्याच्या अंगाची आहे आणि मला तीच शहाणपणाची वाटते. दुसरा आक्षेप पाण्याचा: बुडेल तो अस्सल. ताजा, भरीव मणी बुडतो, तोच वाळून हलका झाला की तरंगू शकतो. जड लाकडाचा नकली मणीही बुडतोच. मुखांची खात्री हवी असेल, तर क्ष-किरणांत आतले कप्पे मोजावेत. महागड्या मण्यासाठी एवढे करायलाच हवे.

जपासाठी जावाचा मणी निःशंक घ्या. मात्र विकणाऱ्याने तो जावाचा म्हणूनच आणि जावाच्याच भावाने दिला पाहिजे.