कोऱ्या वहीत चूक नसते

गेल्या दिवाळीच्या सुटीत आमचं घर असं काही लख्ख झालं की शेजारच्या खाला विचारू लागल्या, "क्यूं बेटी, मेहमान आनेवाले हैं क्या?" गव्हाला ऊन दाखवलं, गाद्यांच्या खोळी धुतल्या, मसाल्याच्या डब्यांवर नव्या चिठ्ठ्या चिकटवल्या. पाहुणे कोणी येणार नव्हते. आम्हाला एक शोधनिबंध लिहायचा होता, आणि टेबलाशी बसणं टाळायला आम्ही कोणतंही काम करायला तयार होतो.

विषय आमच्या रोजच्या कामातलाच. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्ही मराठी शिकवतो. बी.एड.ला असताना कृतिसंशोधन शिकलो होतो. वर्गात जी अडचण दिसते तिचं कारण शोधायचं, उपाय करून पाहायचा, आधी आणि नंतर चाचणी घ्यायची आणि जे आढळलं ते मांडायचं. आमच्या मुलांची अडचण त्यांच्या वह्यांत भरलेली होती. 'माझी पुस्तक', 'चहा थंड झाली', 'पानी गरम झाला'. मुलं बेपर्वा नाहीत. उर्दूत किताब स्त्रीलिंगी, चाय स्त्रीलिंगी, पानी पुल्लिंगी. उर्दूत लिंगं दोन, मराठीत तीन. नपुंसकलिंग आलं की मूल अडतं. उर्दू लिहिताना जेर आणि पेश सहसा लिहीत नाहीत, म्हणून मराठीत ऱ्हस्व वेलांटी गळते आणि 'दिवस'चा 'दवस' होतो. 'ण' आणि 'ळ' ही अक्षरं उर्दूत नाहीत, म्हणून 'बाळ'चं 'बाल' होतं. या चुकांनाही एक नियम आहे, आणि तो कळला तर शिकवणं सोपं होतं. एवढंच आम्हाला सांगायचं होतं.

स्टाफरूममध्ये चहा पिता पिता हे सगळं आम्ही अर्धा तास बोलू शकत होतो. कागदावर मात्र 'प्रस्तावना' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि गाडी तिथंच थांबली. 'आजच्या जागतिकीकरणाच्या युगात भाषेला अनन्यसाधारण महत्त्व आहे,' असं एक वाक्य लिहिलं. ते वाचून आम्हालाच जांभई आली. खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. सुटी संपली तेव्हा आमच्याजवळ शीर्षक होतं, दोन रेघा होत्या आणि स्वच्छ घर होतं.

वेळ मिळत नाही, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. खरं कारण वेगळं होतं. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात निबंध वाचताना आमच्या तोंडून 'हा समस्या' असं निघून गेलं. मनात 'मसला' होता, तो पुल्लिंगी. मागच्या रांगेत हशा पिकला. मराठीची शिक्षिका आणि 'हा समस्या'! त्यानंतर आम्ही एकही निबंध लिहिला नव्हता. यू. म. पठाणांनी महानुभाव साहित्याचा अभ्यास केला, बखरींतल्या फारसीवर लिहिलं, १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं, हे आम्ही वर्गात अभिमानानं सांगतो. पण कोऱ्या कागदासमोर बसलं की पठाण सर आठवत नसत, ती मागची रांग आठवे.

शाळा उघडली. सातवीतली एक मुलगी, बोलायला तरतरीत, तिची निबंधाची वही सलग तिसऱ्यांदा कोरी आली. आम्ही जरा रागानंच विचारलं. ती खाली मान घालून म्हणाली, "टीचर, लिखे तो गलती होती. कोरा रखे तो नहीं होती."

आम्ही तिची जुनी वही काढली. जूनमधला निबंध होता, पाच-सहा ओळींचा. रात्री पावसात त्यांची बकरी व्याली आणि पिल्लू गारठलं म्हणून अब्बांनी ते आपल्या शालीत घेतलं, असं तिनं लिहिलं होतं. त्यावर चौदा लाल गोल होते. खाली आमच्याच अक्षरात, 'शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे.' पिल्लू जगलं का, हे आम्ही विचारलंच नव्हतं. मागच्या रांगेतलं ते हसू आम्ही रोज लाल पेनात भरून वर्गात नेत होतो.

त्या रात्री एक शब्द आठवला: मसुदा. मराठीत सरकारी कागदापासून भाषणापर्यंत सगळ्यांचा मसुदा होतो. शब्द अरबीतून आला. उर्दूत आपण मुसव्वदा म्हणतो. त्याचा मूळ अर्थ काळा केलेला कागद. म्हणजे पहिलं लेखन काळवंडलेलं असायचंच. साफ प्रतीला वेगळा शब्द आहे, मुबय्यजा, म्हणजे पांढरी केलेली. आम्ही काळं न करताच पांढरं करायला निघालो होतो. इब्न खल्दूननं इ.स. १३७७ मध्ये, आजच्या अल्जीरियातल्या एका किल्ल्यात राहून, 'मुकद्दमा' पाच महिन्यांत लिहून काढला आणि पुढे कित्येक वर्षं तो दुरुस्त करत राहिला. मुकद्दमा म्हणजे प्रस्तावनाच!

मग आम्ही प्रस्तावना सोडून दिली. मुलांच्या वह्या पुढ्यात घेतल्या आणि चुकांचे गट करून मोजायला लागलो. मोजणीला सुंदर पहिलं वाक्य लागत नाही. रोज इशानंतर अर्धा तास, खोडायचं नाही एवढाच नियम. मराठी शब्द अडला तर उर्दू लिहायचा आणि पुढे जायचं. खालांना सांगतोय असं समजून लिहायचं. दुरुस्ती दुसऱ्या दिवशी सकाळी, वेगळ्या बैठकीत. आधी तक्ता झाला, मग निष्कर्ष, मग उपाय, आणि सर्वांत शेवटी प्रस्तावना. ती त्या मुलीच्या वाक्यानं सुरू झाली.

अल्हम्दुलिल्लाह, निबंध पूर्ण झाला. तपासून परत आला तेव्हा त्यात तीन दुरुस्त्या होत्या, त्यातली एक लिंगाचीच. या वेळी आम्हीच आधी हसलो.

वर्गात आता प्रत्येकाची एक कच्ची वही आहे. तिच्यात लाल पेन चालत नाही. पक्क्या वहीतही आठवड्याला एकाच प्रकारची चूक पाहायची. त्या मुलीनं परवा कच्च्या वहीत दीड पान लिहिलं. पिल्लू जगलं, आता ते अंगणभर उड्या मारतं आणि दादीची तस्बीह चावतं. अकरा चुका होत्या. सवयीनं मोजल्या खऱ्या, पण खाली एवढंच लिहिलं, 'पिल्लाचं नाव काय ठेवलं?'