माद्रिदच्या फुकटच्या संध्याकाळी

सेवानिवृत्त झाल्यापासून मी आपल्या शाळेच्या पत्रकात दोनदा लिहिले, दोन्ही वेळा शुद्धलेखनावर. या वेळी प्रवासवर्णन पाठवते आहे. पण त्यात एक कबुलीही आहे, तेव्हा माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी लेख शेवटपर्यंत वाचावा.

मी शिक्षिका मराठीची. १९९४ साली चित्रकलेचे सर निवृत्त झाले आणि आठवीचा चित्रकलेचा तास माझ्याकडे आला. ग्रंथालयात जगप्रसिद्ध चित्रांचे एक जुने पुस्तक होते, सगळे कृष्णधवल छापलेले. त्यात पिकासोचे ‘गेर्निका’ होते. फुटलेला घोडा, मेलेले मूल मांडीवर घेऊन आक्रोश करणारी आई. एका मुलीने हात वर केला. ‘बाई, खऱ्या चित्रात रक्ताला कोणता रंग दिलाय?’

मला ठाऊक नव्हते. पण वर्गात ‘ठाऊक नाही’ म्हणायची तेव्हा सवय नव्हती. ‘भडक लाल,’ मी ठणकावून सांगितले. पुढे दर वर्षी आठवीची मुले त्या चित्राची नक्कल करत आणि त्यात लाल रंग भरत. चांगल्या नकला मी वर्गाच्या भिंतीवर लावत असे.

निवृत्तीनंतर एकदा हा किस्सा मी भाचीला कौतुकाने सांगितला. तिने मोबाइलवर चित्र काढून माझ्यापुढे धरले. ‘मावशी, यात लाल कुठे आहे?’ सगळे चित्र काळे, पांढरे आणि करडे. छपाईत रंग गेले नव्हते, चित्रात ते नव्हतेच.

पुढे भाची शिक्षणासाठी स्पेनला, माद्रिदला गेली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये मी पाच दिवस तिच्याकडे जाऊन आले. विमानाच्या तिकिटातच बरीचशी शिल्लक संपली होती. तिच्या खोलीवर पाहुण्यांना परवानगी नव्हती, म्हणून मी एका हॉस्टेलमध्ये आठ जणींच्या खोलीत खाट घेतली. तीही वरची! त्रेसष्टाव्या वर्षी शिडीने झोपायला चढताना खालच्या मुली टाळ्या वाजवत.

त्या वेळी एक युरो म्हणजे साधारण ८८ रुपये. प्रादो संग्रहालयाचे तिकीट १५ युरो, रेना सोफियाचे १२. एकेका चित्रापुढे तासभर बसायची माझी इच्छा, म्हणजे पुन्हा पुन्हा जाणे आले आणि पुन्हा पुन्हा तिकीट. पण भाचीने युक्ती सांगितली. प्रादो सोमवार ते शनिवार संध्याकाळी ६ ते ८ सर्वांना मोफत असते, रविवारी ५ ते ७. रेना सोफिया मंगळवार आणि रविवार सोडून रोज ७ ते ९ मोफत. दोन्हींमध्ये पायी दहा-पंधरा मिनिटांचे अंतर. रांग मात्र तासभर आधी लावावी लागते. रांगेत पाठीवर पिशव्या लावलेले विद्यार्थी, पेन्शनर, कडेवर मुले घेतलेले आईबाप असे सगळे असत. मी घरून नेलेले शेंगदाण्याचे लाडू तिथेच संपले.

प्रादो १८१९ साली सुरू झाले. दोन तासांत ते सगळे बघायचा प्रयत्न करू नये, पाय दुखतात आणि डोक्यात काही राहत नाही. मी रोज दोनच चित्रे ठरवली. वेलाझ्केझचे १६५६ मधले ‘लास मेनिनास’ पाहिले. त्यात चित्रकार स्वतःच कुंचला घेऊन उभा आहे आणि राजाराणी फक्त मागच्या आरशात दिसतात. मग गोयाचे १८१४ मधले ‘३ मे १८०८’. नेपोलियनचे सैनिक माद्रिदच्या बंडखोरांना गोळ्या घालताहेत. कंदिलाच्या उजेडात पांढरा सदरा घातलेला माणूस हात पसरून उभा आहे आणि जमिनीवर रक्त सांडले आहे. लाल! माझ्या तोंडून निघालेच, ‘बघ, रक्त लालच असतं.’ भाची हसली. ‘उद्या बघू,’ म्हणाली.

आठ वाजता आपल्याला बाहेर काढतात आणि तेव्हा कुठे माद्रिदचा खरा दिवस सुरू होतो. तिथे रात्रीचे जेवण नऊ-दहाच्या आधी कोणी घेत नाही. नाइटलाइफ म्हटल्यावर मी अंधार, दारू आणि धिंगाणा असे काहीतरी मनात धरले होते. तसेही असेल. मला दिसले ते वेगळे. अकरा वाजता प्लाझा मायोरच्या चौकात आज्या गप्पा मारत बसल्या होत्या आणि बाबागाडीतली पोरे टक्क जागी होती. बारमध्ये एक पेय घेतले की बऱ्याच ठिकाणी सोबत ऑलिव्ह किंवा बटाट्याचे काही फुकट मिळते. मी ‘मोस्तो’ म्हणजे बिनदारूचा द्राक्षरस घेई. दोन ठिकाणी दोन ग्लास, की माझे रात्रीचे जेवण झाले!

शनिवारी रात्री खोलीतल्या मुली मला सॅन हिनेसला घेऊन गेल्या. चर्चमागच्या बोळातले हे दुकान १८९४ पासूनचे. मध्यरात्र उलटली तरी बाहेर रांग. तिथे चकलीच्या सोऱ्यातून काढाव्यात तशा लांब कांड्या तळून दाट, गरम चॉकलेटबरोबर देतात. त्यांना चुरोस म्हणतात. पहिला चुरो बुडवला आणि मला आपला सराफा आठवला. सोन्याचांदीच्या दुकानांची शटरे पडल्यावर त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस आणि जिलबीच्या कढया लागतात, इंदूर रात्री दोन वाजेपर्यंत खात उभे असते. मी त्या मुलींना हे सांगितले तर एकीने विचारले, ‘मग तू इथे कशाला आलीस?’ मी म्हटले, ‘एक चूक बघायला.’

परतीच्या रात्रीच्या बसला तिथे ‘बुओ’, म्हणजे घुबड म्हणतात. आपल्याकडे घुबड अपशकुनी मानतात, पण टॅक्सीचे पैसे वाचवणाऱ्या त्या घुबडाला मी मनोमन नमस्कार केला.

‘गेर्निका’ मात्र सोमवारी पाहिले. रेना सोफियाची जुनी इमारत एकेकाळी इस्पितळ होती. दुसऱ्या मजल्यावर वळलो आणि समोर भिंतभर चित्र. उंची सुमारे साडेतीन मीटर, रुंदी पावणेआठ मीटर. २६ एप्रिल १९३७ रोजी जर्मन आणि इटालियन विमानांनी गेर्निका गावावर बॉम्ब टाकले, तोही सोमवारच होता. पिकासोने त्याच वर्षी पॅरिसमध्ये हे चित्र काढले. स्पेनमध्ये स्वातंत्र्य येईपर्यंत ते तिथे जाऊ नये, अशी त्याची इच्छा होती. फ्रँको १९७५ मध्ये वारला आणि चित्र १९८१ मध्ये न्यूयॉर्कहून माद्रिदला आले. पिकासो त्याआधीच, १९७३ मध्ये गेला होता.

मी समोर उभी राहिले. रक्त शोधले. नाही. घोड्याच्या अंगावर बारीक काळ्या रेघा आहेत, वर्तमानपत्रातल्या ओळींसारख्या. लाल असते तर नजर आधी रक्ताकडे गेली असती. इथे ती त्या आईच्या उघड्या तोंडाकडे जाते.

शेजारच्या दालनात चित्र रंगत असताना डोरा मारने काढलेले फोटो आहेत. भाचीने त्यांच्याबद्दल सांगितले की पिकासोने मध्येच रंगीत कागदांचे तुकडे चिकटवून पाहिले होते आणि मग काढून टाकले. म्हणजे रंगाचा प्रश्न त्यालाही पडला होता. फरक एवढाच की त्याने उत्तर शोधले, आणि मी दडपून दिले.

घरी आल्यावर खर्च मांडला. प्रादोच्या तीन आणि रेना सोफियाच्या दोन खेपा तिकीट काढून केल्या असत्या तर ६९ युरो, म्हणजे सहा हजारांवर रुपये लागले असते. ते वाचले. त्यातून शाळेच्या ग्रंथालयासाठी रंगीत चित्रांचे एक पुस्तक घेतले आहे. ‘गेर्निका’च्या पानावर मी खूण घातली आहे.

आणि हात वर करणारी ती मुलगी आता चाळिशी ओलांडून गेली असेल. बाळ, हे वाचत असशील तर ऐक. तुझा प्रश्न फार चांगला होता. बाईंना उत्तर ठाऊक नव्हते.