भित्यापाठी

भित्यापाठी ब्रह्मराक्षस असं आपण म्हणतो. म्हणजे भीती आधी, राक्षस मागाहून. लहान मुलांच्या बाबतीतही क्रम हाच असतो का? ब्रह्मराक्षस हे काही साधंसुधं भूत नव्हे. तो विद्वान, वेदशास्त्र जाणणारा, पिंपळावर राहणारा. आणि म्हणीत तो पुढ्यात उभा राहत नाही, पाठीला लागतो. पुढ्यात असता तर निदान दिसला असता.

इथे दिल्लीत, करोल बागेत, मेट्रोच्या पुलाला खेटून उभ्या असलेल्या 108 फुटी मारुतीच्या पायथ्याशी, देवळात शिरायचं ते राक्षसाच्या उघड्या जबड्यातून. मुलं आईचं बोट धरून आत जातात. काही खिदळतात, एखादं पाय रोवून भोकाड पसरतं, मग त्याला कडेवर उचलून नेतात. तिथे कुणी वय विचारत नाही. सिनेमाला मात्र 2024 पासून 'यूए' प्रमाणपत्रामध्येच सात, तेरा, सोळा असे टप्पे आले आहेत. वय मोजता येतं. भीती कशी मोजायची?

'महावतार नरसिंह' पाहून आलेल्या माझ्या भाचीला नृसिंहाची नखं मुळीच लागली नाहीत. तिने रात्री प्रल्हादाबद्दल विचारलं, "त्याला त्याचे बाबाच मारत होते?"

तेव्हापासून चिलया बाळाची गोष्ट डोक्यातून जात नाही. अतिथी होऊन आलेला शंकर नरमांस मागतो आणि चिलयाची आई चांगुणा पोटच्या पोराचं डोकं उखळात कांडते, डोळ्यांतून टिपूस न काढता. आजी हे शेंगा फोडता फोडता सांगायची. शेवटी चिलया जिवंत होऊन धावत येतो, पण ते वाक्य ती घाईने उरकायची. माझ्यापाशी राहिलं ते उखळ, आणि ते आमच्याच परसातलं होतं. तरी दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट हवी असायची. ऐकलेल्या गोष्टीत मूल झेपेल तेवढंच रक्त रंगवतं, असं म्हणावं, तर माझ्या उखळाला अंतच नव्हता. पडद्यावरचं दृश्य निदान संपतं.

दिग्दर्शक ताकाहाता यांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा सिनेमा 1988 साली जपानमध्ये 'माय नेबर तोतोरो'बरोबर एकाच तिकिटात दाखवला गेला. तोतोरोसाठी आलेल्या मुलांनी त्यात चिमुरड्या सेत्सुकोला उपासमारीने मरताना पाहिलं असेल. ती परत उठत नाही. तिथे शापही नाही, परीक्षा पाहणारा शंकरही नाही. युद्ध आहे आणि दार लावून घेणारी माणसं. भाचीने तो कधीतरी पाहावा असं मला मनापासून वाटतं. पण "तिला कुणी खायला का नाही दिलं?" असं तिने विचारलं, तर काय सांगणार? बारा वर्षांची होऊ दे, असं सध्या म्हणते. बाराच का, हे मलाही सांगता येत नाही.