'पुअर' कुठं लावायचा?

अकरावीत असताना फीमाफीचा अर्ज इंग्रजीत मागितला होता. घरात इंग्रजी जाणणारं कोणी नव्हतं. माय लोकाच्या रानात खुरपत होती. मी रात्री कंदिलापुढं बसून लिहिलं : 'आय ॲम अ पुअर स्टुडंट.' व्याकरण बरोबर. तरी कारकून बाजूच्याला अर्ज दाखवून हसला. म्हणाला, "आपणच लिहून देतोय बघ, मी ढ आहे म्हणून!" मला एकसष्ट टक्के होते. अपमान कळला, चूक कळली नाही.

ती फार पुढं उमगली. 'पुअर' हे विशेषण नामाच्या पुढ्यात बसलं की अर्थ फिरू शकतो. 'पुअर स्टुडंट' म्हणजे बहुधा अभ्यासात कच्चा. 'पुअर बॉय!' म्हणजे बिचारं पोरगं. 'आय ॲम पुअर ॲट मॅथ्स' म्हणजे गणितात कच्चा. पैसा नाही एवढंच सांगायचं तर 'आय ॲम पुअर', नाहीतर 'आय कम फ्रॉम अ पुअर फॅमिली'. मी गरिबी सांगायला गेलो आणि अक्कल नाही असं लिहून आलो. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या आम्हांला शिकू दिलं नाही, ते तरी दुसरं काय म्हणत होते?

एका विशेषणानं काय होतं म्हणता? ३० नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत नोकऱ्यांतल्या राखीव जागांच्या कलमावर चर्चा झाली. त्यातल्या 'बॅकवर्ड' या शब्दावर सभासदांनी आक्षेप घेतले. बाबासाहेबांनी तो राखला. असं विशेषण नसेल तर अपवाद नियमालाच खाऊन टाकील, असं त्यांनी बजावलं. तो शब्द आजही कलम १६ च्या चौथ्या पोटकलमात आहे.

आणखी एक. गरीब लोक म्हणायचं तर 'द पुअर'. 'पुअर्स' नाही. त्याला 'इज' नाही, 'आर' लागतं. एकट्यासाठी नुसतं 'अ पुअर' चालत नाही, 'अ पुअर मॅन' म्हणावं लागतं. इंग्रजीतही हा शब्द नुसता उभा राहतो तो समूहासाठीच.

आता वस्तीतली पोरं अर्ज घेऊन माझ्याकडं येतात. मागं एका पोरीनं 'पुअर गर्ल' लिहून आणलं. मी खोडलं.

"मग काय लिहू, दादा?"

"बिचारी आहेस का तू?"

"नाही."

"मग घर गरीब आहे असं लिही. आणि खाली मार्क लिही."