लेकराचा कॅन्सर आणि घरातली बाकीची माणसं

सास्तूरमधले आणि बाहेरचेही बरेच जण विचारतात, "तुमच्या चुलतभावाच्या पोराचं काय झालं?" प्रत्येकाला तुकड्या-तुकड्यानं सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. भाऊ आणि भावजय दोघांना विचारून लिहितोय. पोराचं नाव लिहीत नाही, फोटो टाकत नाही. ओळखणाऱ्यांनी कमेंटमध्येही नाव टाकू नये, ही विनंती. पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या घरात लहान लेकरं आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

पोरगं पाच वर्षांचं. ताप यायचा, उतरायचा, परत यायचा. पाय दुखतात म्हणून चालायला कुरकुर करायचं. तोंड पांढरंफटक पडलेलं. आधी टायफॉईड झाला, मग "पेशी कमी" आल्या म्हणून डेंग्यू झाला, आणि डेंग्यू म्हटलं की सलाईन. तीन आठवडे हेच. एका दवाखान्यात इंजेक्शन दिलं की पोरगं लगेच उड्या मारायला लागायचं, चार दिवसांनी पुन्हा अंग टाकायचं. त्या इंजेक्शनात स्टेरॉइड होतं, हे नंतर कळलं. रक्ताच्या कॅन्सरच्या उपचारात स्टेरॉइड हे एक औषधच असतं. निदान व्हायच्या आधीच ते अंगात गेलं की आजार तात्पुरता दबतो आणि तपासणीत लपून बसतो. तापाला, अंगदुखीला सर्रास स्टेरॉइड टोचणाऱ्यांनी एवढं तरी ध्यानात ठेवावं. शेवटी लातूरच्या एका लॅबमधल्या डॉक्टरांनी रक्ताची काच पाहिली, भावाला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "इथं थांबू नका. आजच निघा."

आजाराचं नाव अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर हाच. हाडाच्या आतल्या मगजात रक्त तयार होतं, तिथं कच्च्या पांढऱ्या पेशींची गर्दी होते आणि चांगल्या पेशींना जागा उरत नाही. म्हणून ताप, म्हणून फिकटपणा, म्हणून हाडं दुखणं, अंगावर काळे-निळे डाग. तंबाखू, खाणं, आईच्या गरोदरपणातलं काही, असलं कारण शोधू नका. बहुतेक लेकरांच्या बाबतीत कारण सापडतच नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण भावजयीला पहिल्या आठवड्यात चार बायकांनी विचारलं, "पोटुशी असताना ग्रहणात काही चिरलं होतंस का गं?" ती त्या दिवशी जेवली नाही.

दुसरे लोक विचारायचे, लागट आहे का. नाही, हा आजार लागत नाही. उलट अशा लेकराला आपल्याकडून जंतू लागायची भीती असते. तिसरे सल्ला द्यायचे, अमक्या गावच्या बाबाचा पाला द्या. सांगणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं हे मला मान्य आहे. पण त्या पाल्याच्या नादात महिना गेला असता तर आज ही पोस्ट वेगळी असती.

हा आजार बरा होतो का? होतो. आंध्रात जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत औषधं बनवत होते. त्यांच्या चमूनं तयार केलेलं औषध वापरून बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ मध्ये पहिल्यांदा अशा लेकरांचा आजार काही काळ मागे रेटून दाखवला. त्याआधी हे दुखणं म्हणजे काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा हिशेब. आज श्रीमंत देशांत कॅन्सर झालेल्या दहापैकी आठाहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम देशांत, जागतिक आरोग्य संघटना सांगते, तीनही होत नाहीत. औषधं बहुतेक तीच. फरक पडतो तो उशिरा कळण्यात आणि उपचार अर्ध्यात सोडण्यात. २०१८ मध्ये या संघटनेनं ठरवलं की २०३० पर्यंत जगभर निदान ६० टक्के मुलं वाचली पाहिजेत.

"अर्ध्यात सोडणं" म्हणजे काय, ते मी आमच्याच ओसरीवर पाहिलं.

सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी दादर. परळचं टाटा रुग्णालय १९४१ पासून उभं आहे. तिथल्या गर्दीत बिहारपासून बंगालपर्यंतची माणसं भेटतात. आमचा पहिला मुक्काम दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत झाला. जनआरोग्याची योजना होती, कार्ड होतं, पण त्या रेशनकार्डावर पोराचं नावच चढवलेलं नव्हतं! मोठ्या बहिणीचं होतं, याचं राहून गेलं होतं. पोरगं तिकडं मुंबईत आणि मी इकडं एका कार्यालयात टेबल-टेबल फिरतोय. पत्रकार असून मला दिवस लागले, तर साध्या माणसाचं काय होत असेल.

पहिल्या महिन्याचे उपचार संपले. मगजाची तपासणी झाली, रिपोर्ट चांगला आला. पोराचे केस गेले होते, स्टेरॉइडनं गाल फुगले होते, पण हसत होतं, सारखं खायला मागत होतं. तोवर जून संपत आलेला, पेरणीची घाई. आमचे तात्या, म्हणजे पोराचे आजोबा, फोनवर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल हाय ना? मग आणा घरी. किती दिस तिकडं पडून ऱ्हायचं? रान पडिक पडलंय."

तात्या काही दगडाचं काळीज असलेला माणूस नाही. दोन जनावरं त्यांनी स्वतः बाजारात नेऊन विकली होती. पण त्यांच्या हिशेबात ताप गेला म्हणजे आजार गेला. आणि इथंच बहुतेक घरं फसतात. पहिल्या महिन्यानंतर दुर्बिणीखाली आजार दिसत नाही, पण अंगात उरलेला असतो. पुढचे सहा-आठ महिने जोरदार औषधं, पाठीच्या मणक्यात इंजेक्शनं, आणि त्यानंतर दीड-दोन वर्षं घरी रोज गोळ्या. सगळं मिळून अडीच वर्षांच्या आसपास. मध्ये सोडलं तर तो परत येतो आणि तेव्हा औषधाला दाद देत नाही.

दोन दिवस फोनवर वाद झाला. भाऊ बापापुढं गप्प. शेवटी भावजयीनं फोन घेतला. लग्नाला दहा वर्षं झाली, ती तात्यांसमोर डोक्यावरचा पदर सोडून कधी बोललेली नाही. म्हणाली, "मामंजी, ह्यांना पेरणीला धाडते. मी लेकराला घेऊन हितंच ऱ्हाते." तात्या काहीच बोलले नाहीत. त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

सातवी शिकलेली, लातूरच्या पलीकडं कधी न गेलेली बाई मुंबईत एकटी राहिली. पुढं त्यांना सेंट ज्यूडच्या केंद्रात खोली मिळाली. ही संस्था २००६ पासून बाहेरगावच्या कॅन्सरग्रस्त लेकरांना आईबापासह फुकट ठेवून घेते. स्वच्छता असते, स्वयंपाकाची सोय असते. पाणी उकळून, फळ धुवून-सोलून, बाहेरचं काही नाही, हा नियम ती आज गावातही पाळते. पाहुण्यांना हात धुवायला लावते, याचा काहींना राग येतो. येऊ द्या.

आता पोराच्या बहिणीबद्दल. ती आठ वर्षांची, आजीजवळ राहिली. सगळ्यांचे फोन भावासाठी, खेळणी भावासाठी. एकदा मला म्हणाली, "काका, मला ताप आला तर मलाबी मुंबईला आईकडं नेतील का?" मला उत्तर देता आलं नाही. त्या वर्षी तिचं शाळेत मन लागत नव्हतं. हे तिच्या बाईंनी ओळखलं आणि रोज दहा मिनिटं जवळ बसवून घेतलं. त्या बाईंचे उपकार आमच्या घरावर आहेत.

पैशाचं सांगतो. महात्मा फुले योजनेत उपचार बसतो, आता मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे. रेल्वेत कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं भाडं माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हे सगळं चांगलंच आहे. पण बुडालेली मजुरी कुठल्या योजनेत बसते? सास्तूर ते सोलापूर जीपचं भाडं? मुंबईतला किराणा? भावावर आज जे कर्ज आहे, ते औषधाचं नाही, या बाकीच्या गोष्टींचं आहे.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट माझ्या वयाच्या कुणालाही इथं सांगावी लागत नाही. मी तेव्हा शाळेत होतो. सास्तूर, किल्लारी एका झटक्यात कोसळलं आणि जगभरातून मदत आली. आमच्या गावाला मदत घेणं आणि देणं दोन्ही ठाऊक आहे. या घरासाठीही पहिल्या महिन्यात वर्गणी झाली, पोरं रक्त द्यायला लातूरला गेली. सहाव्या महिन्यात कुणी नव्हतं. दोष देत नाही. एका घराचं असं सावकाश, अडीच वर्षं चाललेलं पडणं लोकांच्या नजरेत येत नाही.

म्हणून ग्रामपंचायतीला आणि आमच्या लोकप्रतिनिधींना जाहीर विचारतो. अंगणवाडी-शाळांत तपासणीला येणाऱ्या पथकांना कॅन्सरची लक्षणं शिकवता येणार नाहीत का? आपल्याच जिल्ह्यातल्या भूम-परंड्याच्या गावांत बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलची माणसं १९८७ पासून फिरून नोंदी ठेवतात. देशातली ती पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी. बार्शीला जमतं ते आपल्याला का नाही? आणि दर वेळी रक्ततपासणीसाठी मुंबई गाठावी लागू नये, एवढी सोय जिल्ह्यात व्हायला काय हरकत आहे?

लक्षणं लिहून ठेवा: दोन आठवड्यांवर राहिलेला ताप, वाढता फिकटपणा, मार न लागता उठणारे डाग, हाडदुखी, लंगडणं, मानेत-पोटात गाठ, सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, फोटोत डोळ्याच्या बाहुलीत दिसणारी पांढरी चमक. बहुतेक वेळा कॅन्सर नसतो. तरी रक्त तपासा.

पोरगं सध्या घरच्या गोळ्यांवर आहे. केस आलेत, पहिलीत जातं. ताप आला की घरात अजून कुणी झोपत नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातून कुणीतरी भावाचा नंबर शोधून फोन केला, त्यांच्या मुलीला तेच निघालंय. पूर्वी बापापुढंही न बोलणारा आमचा भाऊ तासभर बोलत होता. सगळ्यात आधी त्यानं विचारलं, "रेशनकार्डावर लेकराचं नाव हाय का बघा."