नाव न घेता बसणं

इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जायचं ठरवलं, तेव्हा मला सल्ले दोनच तऱ्हेचे मिळाले. वसईतल्या आमच्या प्रार्थनागटातली एकजण कळकळीने म्हणाली, "मन रिकामं केलंस की त्यात काय शिरेल सांगता येत नाही गं." शाळेतले एक सहकारी म्हणाले, "मॅडम, जाऊन या. शेवटी सगळं एकच. तुमचं, आमचं, बुद्धाचं." पहिलीच्या बोलण्यात भीती होती, दुसऱ्यांच्या बोलण्यात आळस. परत आल्यावर मला राग आला तो आळसाचा. भीती निदान फरक आहे एवढं तरी मानते.

आमच्या घरी दिवेलागणीनंतर रोझरी व्हायची. आई पुढे, आम्ही भावंडं मागे. लहानपणी पेंगत, मोठेपणी घड्याळाकडे बघत. उपवासकाळात क्रूसाची वाट, रविवारी मिस्सा. प्रार्थना म्हणजे कुणाशी तरी बोलणं, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की गप्प बसणं ही प्रार्थनेतली खोट वाटायची.

इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रावर १९७६पासून शिबिरं चालतात. दाखल होताना फोन, पुस्तक, वही, पेन जमा करायचं. माळा आणि जपाची साधनंही. दहा दिवस कुठल्याही धर्माचा जप, पूजा, विधी करायचा नाही, ही अट सगळ्यांना सारखी. माझ्या पुढच्या बाईंनी रुद्राक्षाची माळ काढून दिली, मी रोझरी दिली. दोघी एकमेकींकडे बघून हसलो. तेवढाच संवाद, कारण त्याच संध्याकाळी मौन सुरू झालं.

पहाटे चारला घंटा, साडेचारला बैठक. सुरुवातीचे साडेतीन दिवस फक्त आनापान. नाकाच्या दाराशी श्वास येतो आहे, जातो आहे, एवढंच बघायचं. माझी अडचण पहिल्याच सकाळी सुरू झाली. श्वास आत जाताना येशूचं नाव आपोआप त्याच्यावर बसायचं. नाव श्वासाला बांधायचं, ही काही माझी कल्पना नव्हे. अॅथॉस पर्वतावरचे ऑर्थोडॉक्स संन्यासी शेकडो वर्षं तेच करत आले आहेत. मान खाली, नजर छातीकडे, प्रत्येक श्वासाला येशूचा धावा. चौदाव्या शतकात बार्लाम नावाच्या विद्वानाने 'यांचा आत्मा बेंबीत आहे' अशी त्यांची टर उडवली, तेव्हा ग्रेगरी पालामास त्यांच्या बाजूने उभा राहिला. शरीराला प्रार्थनेत घ्यायचं की नाही हे भांडण पूर्वेकडून आमच्या घरात आलेलं नाही. ते आमचं घरचंच आहे.

पण विपश्यनेचे आचार्य गोएंकाजी यांनी संध्याकाळच्या प्रवचनात नेमकी हीच वाट बंद केली. शब्द जोडला तर मन चटकन एकाग्र होईल, पण मग श्वास जसा आहे तसा दिसणार नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रतिमा नको, देवाचं रूप नको, काहीच मिसळू नका. मला ते पटलं नाही. तरी ऐकलं, कारण दुसऱ्याच्या घरी गेल्यावर जेवण त्याच्या पद्धतीने जेवावं असं मला वाटतं.

नाव सुटलं तेव्हा शांत वगैरे काही वाटलं नाही. एकटं वाटलं. ध्यानाबद्दल जे गुळगुळीत लेख येतात, त्यांत हे कधीच नसतं. ज्याला आयुष्यभर समोर कुणी आहे असं धरून बोलायची सवय आहे, त्याने बोलणं थांबवलं की समोरची खुर्ची रिकामी दिसते. बौद्ध साधकाला तिथे खुर्चीच नसते, म्हणून ते रिकामेपणही त्याला छळत नसावं.

चौथ्या दिवसापासून अधिष्ठान. तासभर हलायचं नाही, हात-पाय-डोळे उघडायचे नाहीत. माझा उजवा गुडघा पेटला. आमच्याकडे अशा वेळी काय करायचं हे प्रत्येक मुलाला माहीत असतं: दुखणं क्रूसाशी जोडून अर्पण करायचं. कुणा आजाऱ्यासाठी, कुणा मेलेल्यासाठी. आई दाढ दुखली तरी ती कुणाच्या तरी नावाने अर्पण करायची. इथे तेही नाही. दुखण्याला अर्थ द्यायचा नाही, ते कुणाच्या पदरात टाकायचं नाही. उठतं, राहतं, जातं, बघत बसा.

बघितलं. मग त्या एका मोठ्या दुखण्याचे तुकडे झाले: जळजळ, ठणका, ताण, मध्येच काही नाही, पुन्हा ठणका. गुडघा दुखायचा थांबला नाही, पण त्याची दहशत गेली. आपण अर्पण करायला कधीकधी फार लवकर धावतो, दुखणं नीट पाहायच्या आधीच, असं मला तिथे वाटलं. तरीही माझं मत ठाम आहे: या दोन गोष्टी एक नाहीत. एकीत दुःखाची वीण उसवायची आहे, दुसरीत ते दुःख प्रेमापोटी कुणासाठी तरी उचलायचं आहे. दोन्ही एकच म्हणणारा माणूस बुद्धाचंही ऐकत नाही आणि क्रूसाकडेही बघत नाही.

पुढच्या उपवासकाळात मी एका येशूसंघीय फादरांकडे रिट्रीटला गेले. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता संत इग्नेशियसकडे चल, तो तुला उलट्या दिशेने नेईल." नेलंच. १५४८ साली पोपची मान्यता मिळालेल्या त्याच्या साधनापुस्तकात येशूजन्माचं मनन करताना नाझरेथहून बेथलेहेमला जाणारा रस्ता किती लांब, किती रुंद, सपाट की चढउतारांचा, हे डोळ्यांसमोर आणायला सांगितलं आहे. गुहा केवढी, तेही. जिथे इगतपुरीला चित्र पुसायचं, तिथे इथे चित्र भरायचं. पण त्याच पुस्तकाच्या शेवटाकडे फादरांनी मला एक पद्धत दाखवली: एका श्वासाला प्रार्थनेचा एक शब्द, आणि पुढच्या श्वासापर्यंत त्या शब्दापाशी थांबायचं. श्वास नाकाशी बघायला शिकलेली मी, त्यामुळे हे मला पहिल्यांदाच जमलं.

मी त्यांना प्रार्थनागटातल्या मैत्रिणीची भीती सांगितली. त्यांनी व्हॅटिकनचं १९८९चं पत्र वाचायला दिलं, कार्डिनल रॅट्झिंगर यांच्या सहीचं. हेच पुढे पोप सोळावे बेनेडिक्ट झाले. पत्रात झेन, योग, भावातीत ध्यान यांचा उल्लेख करून सावध केलं आहे: अंगात आलेली ऊब, हलकेपणा, शांती म्हणजे पवित्र आत्म्याचा स्पर्श असं समजू नका. हे मला अगदी बरोबर वाटतं, आणि गंमत म्हणजे गोएंकाजीही सुखद संवेदनांना चिकटू नका असंच बजावतात. त्याच पत्रात इतर धर्मांतल्या अस्सल साधनापद्धती प्रार्थनेला साहाय्य करू शकतात असंही लिहिलेलं आहे. आमच्या व्यासपीठांवरून पहिला भाग गरजतो, दुसरा कुणी वाचत नाही. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो यांनी १९७८च्या आपल्या 'साधना' पुस्तकाची सुरुवातच शांतता, शरीराच्या संवेदना आणि श्वास यांनी केली होती. त्यांच्या मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९९८मध्ये, व्हॅटिकनने त्यांच्या काही मतांवर आक्षेप घेतला. रिट्रीटचे फादर त्यावर फार बोलले नाहीत. "पुस्तक माझ्या कपाटात आहे," एवढंच म्हणाले.

या सगळ्यात 'पूर्वेचं' आणि 'ख्रिस्ती' ही वाटणीच मला खटकू लागली. आमच्या शेजारच्या काकू वारकरी. संध्याकाळी त्यांचा हरिपाठ चालतो, तेव्हा त्या विठ्ठलाला हाक मारत असतात, अॅथॉसचा संन्यासी येशूला. दोघंही नावाला धरून बसलेत, दोघांनाही समोर कुणीतरी हवं आहे. नाव बाजूला ठेवून श्वास बघणारा विपश्यनेचा साधक त्या दोघांपासून सारखाच दूर आहे. फरक हाक मारणाऱ्यांत आणि बघणाऱ्यांत आहे, आणि तो दिशांनी ठरत नाही. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मग तू कशात गं?"

शिबिराच्या शेवटी पद्धती मिसळू नका, एक निवडा असं सांगतात. व्हॅटिकनच्या पत्रालाही भेसळ नको आहे. मी निवड केली आहे; सकाळ-संध्याकाळ तासभर विपश्यना करत नाही. प्रार्थनेला बसण्याआधी थोडा वेळ श्वास बघते, बिनशब्दाचा. मग नाव घेते. शिबिरातल्या आचार्यांना हे चालणार नाही हे मला ठाऊक आहे. प्रार्थनागटातल्या मैत्रिणीला अजून सांगितलेलं नाही.